‘निघाले’पासून ‘पोचले’पर्यंत

मित्रांनो, खोलीत शिरल्यावर ज्या वस्तूंकडे तुमचे लक्ष कधीच जात नाही, त्यांतली मी एक आहे. खिडकीशेजारी खिळ्याला टांगलेली लाकडी फळी. वीतभर रुंद, दीड हात लांब. एका टोकाला हात घालायला भोक आहे, कोपरे गोल आहेत आणि मधोमध, जिथे सगळ्यात जास्त घासली गेले, तिथे मी किंचित खोलगट झाले आहे. परवा एक बाई मला निरखून म्हणाल्या, "भाजी चिरायची फळी एवढी मोठी कशाला?" मी गप्प राहिले. आज मात्र बोलते, कारण मला एका व्यक्तीची फार आठवण येते आहे आणि ती कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी एक जुनी सरकफळी आहे. हे नाव मला एका घराने दिले. दुकानात जाऊन मागाल तर दुकानदार तुमच्या तोंडाकडे बघत बसेल. ज्यांना पायांवर उभे राहता येत नाही, त्यांनी बिछान्यावरून चाकांच्या खुर्चीत जायचे कसे? माझे एक टोक त्यांच्या मांडीखाली घालायचे, दुसरे खुर्चीवर टेकवायचे, आणि मग हातांवर जोर देऊन थोडे थोडे सरकत पलीकडे जायचे. पूल म्हणा हवे तर. मधली नदी वीतभरच असते. पण त्या वीतभर नदीपायी माणसे दिवसचे दिवस बिछान्यात पडून राहतात, हे मी पाहिले आहे.

जन्माने मी कपाटाचे दार. कपाट वाळवीने खाल्ले, मी तेवढी वाचले आणि एका सुताराच्या दुकानात भिंतीला टेकून पडून राहिले. या सुताराची आणि मावशीची, म्हणजे जिची मला आठवण येते आहे तिची, कामातली जोडी होती. मावशी पडदे शिवायची आणि तो पडद्यांचे दांडे बसवायचा. त्या भागातल्या निम्म्या खिडक्यांना या दोघांचे हात लागलेले होते. एकदा सुतार दुसऱ्या कामावर अडकला होता आणि गिऱ्हाइकाला घाई होती, म्हणून मावशी स्वतःच दांडा बसवायला शिडीवर चढली. शिडी सरकली. मावशीचा कणा दुखावला आणि कमरेखालचे सगळे शांत झाले, ते कायमचे.

ती दवाखान्यातून घरी येणार हे कळले, तेव्हा सुताराने मला खाली काढले. रंधा मारला, घासून घासून गुळगुळीत केले, भोक पाडले, पॉलिश केले. मग मला दोन स्टुलांवर आडवे टाकून तो स्वतः माझ्यावर बसला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकला. पुन्हा पुन्हा सरकला. शेजारचा न्हावी दारात येऊन म्हणाला, "काय रे, या वयात घसरगुंडी?"

"लाकडाची कूस लागते का बघतोय," सुतार म्हणाला. "मला लागली तर मी ओरडेन तरी. तिला लागली तर कळणारसुद्धा नाही."

न्हावी हसायचा थांबला आणि परत आपल्या दुकानात गेला.

मी ज्या घरी गेले तिथे तिघी राहत. मावशी, मावशीची थोरली बहीण, आणि त्या बहिणीची मुलगी गोटी. गोटीचे वडील दूरच्या गावी नोकरीला होते, ते अधूनमधून येत. गोटीचे खरे नाव चांगले लांबलचक होते, पण ते शाळेतल्या हजेरीपुरते. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून सगळे तिला गोटी म्हणत. तिची आई बिस्किटांच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायची. ती निघे तेव्हा घर झोपलेले असे. त्यामुळे सकाळी मावशीला खुर्चीत बसवायचे काम आपोआप गोटीच्या गळ्यात पडले.

पहिल्याच दिवशी गोटीने खुर्चीच्या चाकांना खिटी लावली, मला जागेवर ठेवले आणि दोन्ही हातांनी मावशीला ढकलायला सुरुवात केली.

"थांब," मावशी म्हणाली. "चाललंय कोण?"

"तू."

"मग ‘निघाले’ कोण म्हणणार?"

गोटीने हात मागे घेतले. मावशीने तिला समोर बसवले. दवाखान्यात रोज दोघे जण यायचे, एक-दोन-तीन म्हणायचे आणि मावशीला उचलून ठेवायचे. माणसे वाईट नव्हती, त्यांना कामे फार होती. "त्यांचं तीन व्हायचं," मावशी म्हणाली, "तेव्हा माझं अजून एकच झालेलं असायचं. सामान हलवावं तसं हलवायचे मला. इथे तसं नाही करायचं. मी ‘निघाले’ म्हणेन तेव्हा मी निघणार. पलीकडे नीट टेकले की ‘पोचले’ म्हणेन."

"आणि मी काय म्हणू?"

"तू ऐकायचं. हात लागला तर मी मागेन."

त्या घरात एवढा एकच नियम होता. इतर बाबतीत सगळा आनंदीआनंद होता. कात्री कधी जागेवर सापडायची नाही, दूध दर दोन दिवसांनी उतू जायचे. पण ‘निघाले’ ऐकल्याशिवाय कोणी मावशीच्या अंगाला हात लावायचे नाही आणि ‘पोचले’ ऐकल्याशिवाय कोणी खोलीतून जायचे नाही.

ते माझे सुखाचे दिवस होते. सकाळी बिछान्यावरून खुर्चीत जाणे हा उतार, कारण खुर्ची बिछान्यापेक्षा जरा बुटकी होती. संध्याकाळी परतताना चढ. उताराला मावशी गाणे गुणगुणायची आणि चढाला खुर्ची बनवणाऱ्याचा उद्धार करायची. सुताराने तिच्या शिवणयंत्राचा पायटा काढून हाताने फिरवायचा दांडा बसवून दिला होता. दिवसभर ती खिडकीशी बसून पडदे शिवी आणि मी भिंतीला टेकून ते बघत असे. माझ्या अंगाला तिच्या वजनाची इतकी सवय झाली होती की ती थकलेली आहे की खुशीत, हे मला ती बोलायच्या आधी कळायचे. लाकडाला वजनाशिवाय दुसरे काय कळणार? पण ते नीट कळते.

एकदा एक गिऱ्हाईक बाई कापड घेऊन आल्या. मावशी समोर बसलेली असताना त्यांनी गोटीला विचारले, "हिला रंगबिंग कळतात का गं अजून?"

"पाय गेलेत, काकू," गोटी म्हणाली. "डोळे इथेच आहेत. आणि कानसुद्धा."

मावशीने मान खाली घालून हसू दाबले आणि त्या बाईंना असा निळा रंग निवडून दिला की पुढच्या आठवड्यात त्यांच्या जावेने तसाच मागितला.

गोटी कॉलेजात जायला लागली त्या सुमारास घरी एक बाई आल्या. दवाखान्याने पाठवल्या होत्या. आजारी किंवा अपंग माणसांना रोजची कामे पुन्हा स्वतःची स्वतः करता यावीत म्हणून मदत करणे, हे त्यांचे काम. त्यांनी दाराची रुंदी मोजली, न्हाणीघराचा उंबरा पाहिला, मलाही उलटसुलट करून पाहिले आणि "छान केलीय" म्हणाल्या. मी दोन दिवस हवेत होते. मग त्या मावशीसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला काय करावंसं वाटतं?"

मावशीने वर बघितले. मग म्हणाली, "खिडकी. मला खिडकीचं माप स्वतः घ्यायचंय. लोक चुकीची मापं आणतात."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी लांब काठीला टेप कशी बांधायची ते दाखवले आणि मावशीने त्या संध्याकाळी घरातल्या सगळ्या खिडक्या मोजल्या, ज्या तिला पाठ होत्या त्यासुद्धा.

बाई गेल्यावर गोटी किती तरी वेळ दारात उभी होती. "मावशी, अशी नोकरी असते?" ती म्हणाली. "लोकांना काय हवं ते विचारायची?"

"असते वाटतं."

"मला तीच करायची आहे."

मित्रांनो, माणसे मोठेपणी काय व्हायचे ते कसे ठरवतात मला माहीत नाही. मी फळी कशी झाले हे मला कोणी विचारले नव्हते. पण गोटीचे त्या दारात ठरले, हे मी सांगू शकते, कारण मी त्याच दारामागे उभी होते.

ते शिक्षण दूरच्या शहरात मिळत होते. गोटीने अभ्यास केला, परीक्षा दिली आणि तिची निवड झाली. घरात आनंद झाला आणि संध्याकाळपर्यंत तो विरूनही गेला. आई पहिल्या पाळीला जाणार. मग सकाळी मावशीला खुर्चीत कोण आणणार? आई परत येईपर्यंत मावशी अर्धा दिवस बिछान्यात राहणार. यंत्र बंद, खिडकी बंद, सगळेच बंद. गोटीने कोणाशी चर्चा न करता जाहीर केले की ती जाणार नाही. इथेच काहीतरी शिकेन म्हणाली. मुलगी खोटे बोलत असली की आवाज जरा जास्तच मोकळा लावते. मावशी त्यावर एक शब्द बोलली नाही, आणि ती गप्प बसली की काहीतरी शिजत असे.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मावशीने साटीनचा तुकडा काढला. पडद्यांना आतून लावायला ती वापरायची तो, मऊ आणि झुळझुळीत. तिला एकटीला सरकायचे होते आणि लाकडावर कपडे अडकायचे, त्यामुळे तिने मला साटीनची खोळ शिवली. आणि मावशीच ती! अर्धवट शिवण तिला माहीतच नव्हती. वरून, खालून, चारी बाजूंनी मला तिने उशीसारखे शिवून बंद केले, टाके असे बारीक की मला माझीच कड सापडेना. मग मला मांडीखाली घातले, पलीकडचे टोक बिछान्यावर टेकवले, हात टेकले आणि सरकली.

वरून ती सरकली आणि खालून मी सरकले. काय होते आहे हे कळायच्या आत मी भिंतीवर आपटले होते आणि मावशी जमिनीवर होती.

गोटी कॉलेजातून आली तेव्हा मावशी बिछान्याला पाठ टेकून बसलेली होती. केस विस्कटलेले, कोपर सोललेले.

"लागलं?" गोटीने विचारले.

"अभिमानाला."

गोटी धावली आणि तिला उचलायला वाकली. मावशी सवयीने म्हणाली, "थांब. मी ‘निघाले’ म्हटलं नाही अजून."

आणि गोटी फुटली. आजवर मी तिचा तसा आवाज ऐकला नव्हता. "निघाली होतीस की! मला न सांगता निघाली होतीस! ‘निघाले’ म्हणायचं असतं ते कोणीतरी ऐकणारं असतं म्हणून. तूच शिकवलंस ना? मग कोणाला म्हणालीस? या फळीला?"

मावशीने सोललेले कोपर पदराने झाकले. ती मलाच म्हणाली होती, हे खरे होते. मी ऐकलेही होते. पण माझे ऐकणे काही कामाचे नव्हते.

रात्री जेवणे झाल्यावर तिघी बसल्या. आई म्हणाली, "विषय संपला. गोटी कुठे जात नाही. ती गेली तर तुला बघायचं कोणी?"

"मला बघायला मी काय सिनेमा आहे, ताई?"

"चेष्टा नको. आज हाड मोडलं असतं."

"मोडलं असतं," मावशी म्हणाली. मग ती गोटीकडे वळली आणि तिचा आवाज खाली आला. "हे बघ. तू माझ्यासाठी इथे राहिलीस, तर रोज सकाळी मी तुझ्या आयुष्यावरून सरकत खुर्चीत जाणार. तसली फळी मला नको. मला लाकडाची आहे तीच पुरे."

आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि विनाकारण भांडी घासत बसली. गोटी जमिनीकडे बघत होती. मग तिने हात लांब करून मला ओढून मांडीवर घेतले आणि खोळीवरून बोट फिरवले. वरून फिरवले, उलटे करून खालून फिरवले.

"मावशी," ती म्हणाली, "खालून कशाला शिवलंस?"

"म्हणजे? खालची बाजू उघडी ठेवायची? कोण काय म्हणेल?"

"वरची बाजू सरकायला हवी. खालची नको. खालची हलताच कामा नये."

मावशीने माझ्याकडे पाहिले, स्वतःच्या सुरेख टाक्यांकडे पाहिले, आणि पदराने तोंड झाकून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आले आणि ते कशाचे होते ते मी सांगू शकत नाही.

सकाळी सुताराला निरोप गेला. तो सायकलची जुनी ट्यूब घेऊन आला आणि माझ्या खालच्या बाजूला दोन्ही टोकांना रबराच्या पट्ट्या ठोकून दिल्या. मावशीने वरच्या बाजूपुरती साटीन लावली. कडा उघड्या राहिल्या म्हणून ती दिवसभर धुसफुसत होती. नंतर बरेच दिवस त्या दोघी रोज सराव करत राहिल्या. आधी गोटीचा हात पाठीशी, मग नुसता जवळ, मग लांब.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी आईला बोलावले. गोटी भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले. चढाची बाजू होती, खुर्चीतून बिछान्यावर.

"निघाले," मावशी म्हणाली.

मध्यावर येऊन ती थांबली. तिचे दंड थरथरत होते, सगळे वजन माझ्या पोटावर होते. आईने डोळे मिटून घेतले. गोटीचे काय झाले ते मी समोरून पाहिले. तिचे खांदे पुढे झुकले, पाय अर्धा उचलला गेला, आणि पाठीमागच्या हातांनी एकमेकांना असे घट्ट धरले की तिचे दंड ताठरले. ती हलली नाही. मित्रांनो, उचलायला ताकद लागते, ती पुष्कळांकडे असते. उचलता येत असून न उचलण्याची ताकद मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मला वाटते, गोटीचे खरे शिक्षण तिथे झाले. कॉलेजात तिला पुढे जे शिकवले ते यावरचे पॉलिश.

मावशीने श्वास घेतला, पुन्हा हात टेकले, पुन्हा सरकली.

"पोचले."

गोटी निघाली त्या दिवशी तिने मला एकदा छातीशी धरले. मग मावशीच्या पायांशी बसली. "रोज संध्याकाळी फोन करणार," ती म्हणाली. "परत जाताना चढ असतो. मी ऐकल्याशिवाय निघायचं नाही."

"आणि तुझा वर्ग असला तर?"

"तर थांबायचं. मी नाही थांबले आजवर?"

त्या दिवसापासून तसेच झाले. संध्याकाळी फोन वाजायचा, मावशी तो खिडकीत ठेवायची, आवाज मोठा करायची. गोटी काय जेवली, काय शिकली, हे सगळे व्हायचे. मग मावशी मला जागेवर ठेवायची आणि फोनकडे बघून म्हणायची, "निघाले." फोन गप्प व्हायचा. मावशी माझ्यावरून सरकत असताना तिकडून फक्त श्वास ऐकू यायचा. "पोचले," मावशी म्हणायची आणि तिकडे गोटी म्हणायची, "ऐकलं."

फोन बंद झाल्यावर मावशी लगेच आडवी होत नसे. खिडकीकडे तोंड करून बसून राही. तिने गोटीच्या वसतिगृहातल्या खिडकीसाठी पडदा शिवून पाठवला होता. माप गोटीने विती मोजून फोनवर सांगितले, त्यामुळे तो लांबीला भलताच झाला. "जमिनीवर लोळतोय," गोटी हसत म्हणाली. मावशी म्हणाली, "लोळू दे. थंडीत पायांवर घे." ती खिडकी तिने कधीच पाहिली नव्हती. कशी असेल, बाहेर काय दिसत असेल, हे ती आईला पुन्हा पुन्हा विचारायची, जणू आईने ती पाहिली होती. दिवसा कामात ती मजेत असे. गोटीवाचून घर सुने झाले आहे हे तिने कोणाला सांगितले नाही. मला मात्र कळायचे. संध्याकाळचे तिचे वजन सकाळपेक्षा जास्त असायचे.

गोटी शिकली, तिला नोकरी लागली, आणि एका सुट्टीत ती घरी आली ती काखेत एक पिवळी फळी मारून. प्लास्टिकची, वजनाला फूल, जरा वाकडी म्हणजे चाकाला अडत नाही, वरून गुळगुळीत आणि खालून आपोआप धरून ठेवणारी. तिला खोळ नको, ट्यूब नको, पॉलिश नको. मावशी तिच्यावरून इतक्या सहज सरकली की ‘निघाले’ म्हटल्यावर ‘पोचले’ म्हणायला फुरसतच मिळाली नाही.

मी कपाटामागे गेले. कपाटातून आले होते आणि कपाटामागे गेले. आणि हे केले कोणी? माझ्या गोटीने. राग आला, खोटे कशाला बोलू? त्या अंधारात माझ्यावर धूळ बसली, साटीन विरली, एका कोळ्याने संसार थाटला. सकाळ-संध्याकाळ ते दोन शब्द मला ऐकू यायचे आणि दरवेळी वाटायचे, आत्ता तिचे वजन माझ्यावर येईल. मग आठवायचे की ते दुसरीवर गेले आहे. मावशीचे खांदे आता दुखत होते, माझ्यावरून सरकणे तिला जड जात होते, हे गोटीने ओळखले होते. ते बरोबरच होते. पण बरोबर आहे हे कळले म्हणून आठवण थांबत नाही.

पुढच्या सुट्टीत मावशीनेच मला बाहेर काढवले. "हिला घेऊन जा तुझ्याकडे," ती गोटीला म्हणाली. "तुझ्या केंद्रात कामाला येईल. नवीन माणसाला लाकूडच बरं, हाताला आपलं वाटतं."

गोटीने मला पुसले. मावशीने माझ्या मधल्या खोलगट भागावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. "जा," ती हळूच म्हणाली. "पोरीकडे लक्ष ठेव." आमची ती शेवटची भेट.

म्हणून मी आता इथे आहे. गोटी जिथे काम करते ते हे केंद्र. अपघातातून, आजारातून उठलेली माणसे इथे येतात आणि बटण लावण्यापासून सगळे पुन्हा शिकतात. खिडक्यांना मावशीने पाठवलेले पडदे आहेत. या वेळी माप बरोबर आहे, कारण गोटीने टेप लावली.

इथे आल्यावर माझे पहिले माणूस म्हणजे एक कंडक्टरकाका. त्यांचे दोन मुलगे त्यांना उचलून आणायचे, उचलून ठेवायचे. काका भिंतीकडे बघत बसायचे. मुलगे प्रेमळ होते, पण काकांना विचारलेला प्रश्नही त्यांच्या आधी तेच उचलायचे.

गोटी समोर बसली. "काका, तुम्हाला काय करावंसं वाटतं?"

"त्यांना आता काय..." थोरला मुलगा म्हणाला.

"मी काकांना विचारलं."

बरेच दिवस उत्तर आले नाही. गोटी रोज विचारायची आणि रोज थांबायची. एक दिवस काका भिंतीलाच म्हणाले, "दारात बसायचंय. बस जाताना दिसते तिथून. पण मला तिथे उचलून नाही न्यायचं. लोक बघतात."

गोटीने मला खिळ्यावरून काढले. तिने स्वतः माझ्यावर सरकून दाखवले, ‘निघाले’ आणि ‘पोचले’ समजावले. काकांनी मला पाहिले आणि पहिल्यांदाच त्यांच्या मिशा हलल्या. "जन्मभर लोकांना ‘पुढे सरका, पुढे सरका’ म्हणून ओरडलो, मॅडम. भोगा आता."

मुलगे आपसूक पुढे झाले. गोटीने त्यांना भिंतीशी उभे केले. "हात मागे," ती म्हणाली, आणि स्वतःचेही मागे बांधले.

"निघालो," काका म्हणाले.

मावशीपेक्षा ते दुप्पट जड होते. मधे थांबले, घामाघूम झाले, धाकट्या मुलाने तोंड फिरवले. मी जिवाच्या आकांताने जागेवर राहिले. अजून माझ्या खाली सुताराची तीच ट्यूब आहे.

"पोचलो," काका म्हणाले. मग मुलांकडे बघून, "चला, आता दारात घ्या मला. चाकं ढकलायला हरकत नाही."

तर मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंची धूळ अधूनमधून झटका, एवढे तर हवेच. पण त्याहून जास्त हे हवे, की कोणाला मदत करायला जाल तेव्हा आधी कान द्या आणि मग हात. त्याला निघू द्या. आणि तो पोचेपर्यंत तिथून जाऊ नका.

संध्याकाळी केंद्र रिकामे होते. गोटी दिवे घालवते, एक ठेवते, आणि फोन खिडकीत माझ्याखाली ठेवते. तिकडून मावशीचा आवाज येतो. आवाज आता म्हातारा झाला आहे. आई आता घरीच असते, ती मागून काहीतरी टोमणा मारते. जेवणखाण, सर्दी-पडसे, सगळे बोलून होते.

"निघाले," मावशी म्हणते.

रिकाम्या खोलीत, जिथे बघायला कोणी नाही, तिथे गोटी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहते. फोन गप्प असतो. ‘निघाले’ आणि ‘पोचले’ यांच्या मधली ती शांतता आम्हा दोघींना पाठ आहे. इतकी वर्षे मी तिच्यातच राहत होते, तेच माझे घर. हल्ली ती जरा लांबत चालली आहे. काल इतकी लांबली की गोटीने डोळे मिटले.

मग तिकडून धापा टाकत आवाज आला, "पोचले गं. आहेस ना?"

"आहे," गोटी म्हणाली. "ऐकलं."

मीही ऐकले, मावशी.